अण्णाचं रक्त

९ मार्च २०२५

हातांनो, तुमची-माझी तक्रार एकच — ऊन! काल मारतहळ्ळीत पाणीप्रश्नावर भर दुपारी सभा. मुठी उंचावून बोललो, आणि आज बोटांच्या पाठीवर पुन्हा टपोरे फोड. बाही घासली तरी कातडी निघते. सभेनंतर एकाने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याच्या मनातला शब्द मलाही ऐकू आला. महारोग!

१२ मार्च

जयनगरच्या डॉक्टर संहितांनी हात उलटसुलट पाहिले. "लघवी गडद होते?" — कोऱ्या चहासारखी. "महारोग नव्हे. पोर्फिरियाचा एक प्रकार वाटतो. पोर्फिरिन नावाची द्रव्यं अंगात साठतात, मग ऊन सोसत नाही. फोड हातावर, पण मूळ यकृतात. हिपॅटायटिस सीची तपासणी करू."

हायसं वाटलं. रस्ता ओलांडेपर्यंतच. मग ते यकृत आठवलं.

१७ मार्च

हिपॅटायटिस सी आहे. पोर्फिरियाही नक्की.

"बारा आठवडे गोळ्या. विषाणू गेला की बहुतेकांची कातडीही सावरते. गरज पडली तर अधूनमधून थोडं रक्त काढू. अंगातलं लोह कमी व्हायला हवं."

श्यामला उडालीच. "अय्यो! मी यांना अळिवाचे लाडू चारतेय! रक्त वाढावं म्हणून!"

"लाडू बंद," डॉक्टर हसल्या. बायकोलाही तपासून घ्यायला सांगितलं. मग विचारलं, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

१९९३. होसूर रोडवरचा अपघात. रक्त दिलं माझ्या थोरल्या भावाने, शेषगिरीअण्णाने.

"मग त्यांना लवकर तपासा. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, आत यकृत मात्र झिजत असतं."

१८ मार्च

श्यामलाला काही नाही. सुटलो!

पण अण्णा? मैदानं गाजवणारा मी — फोन हातात घेऊन नुसता बसलोय. काय सांगू? तुझ्या रक्तातून हे आलं? भांडण झालं की त्याचं ठरलेलं — "माझ्या रक्तावर भाषणं ठोकतोस, विठू!"

संक्रांतीला तो थकलेला दिसला होता. की मला आता तसं आठवतंय?

१९ मार्च

सांगितलं. "सरी," म्हणाला — बरं, एवढंच. फोन ठेवला.

२३ मार्च

जातच नाही! परवा "स्वल्प खोकला आहे." काल वहिनीचे पाहुणे. आज म्हणे, "म्हाताऱ्याला कशाला रे तपासण्या?" मी ओरडलो.

आयुष्यभर लोकांना सांगितलं — वाचा! आता वाचतोय: यकृत आकसतं, पोटात पाणी होतं, रक्ताच्या उलट्या. प्रत्येक पानावर अण्णाचा चेहरा.

२५ मार्च

उद्या आनेकलला जाऊन त्याला उचलूनच आणतो. उशीर झाला असेल तर? नको. लिहायलाही नको.

२६ मार्च

अण्णा पायात चपला घालेना. शेवटी म्हणाला, "सुई बघितली की माझे पाय गळतात, विठू. तेव्हाही गळले. इस्पितळाच्या फाटकाशी रक्त विकणारे बसायचे, त्यातल्या एकाला आत पाठवलं. माझा थेंबही नाही तुझ्यात."

अण्णा सुटला!

आणि तो रक्त विकणारा? माझ्यानंतर किती जणांना देत राहिला? त्याला कुणी सांगितलं तरी का?

अण्णा, त्याचं नाव आठव!