दिवाळीत कोमल घरी आली नाही, त्याचं कारण

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
रविवार, २० नोव्हेंबर २०११

प्रिय शकूताईस,

मालूचा नमस्कार. दाजी गेल्यापासून तुझ्या नावाआधी काय लिहायचं ते मला जमत नाही, म्हणून नुसतं शकूताई.

हे पत्र तुझ्या लेकीच्याच हाती देतेय. आधी तिला जवळ घे, पोटभर जेवू घाल, मग सवडीने वाच. शेजारच्या गणूला वाचायला देऊ नकोस. मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय, हळूहळू वाचलंस तरी चालेल.

इथे बाकी ठीक. मार्केटात बोंबील बरे मिळतात, पण आपल्या करंजा गावच्या बोंबलांची सर नाही. पाणी दिवसाआड येतं. दिवसभर फळ्यापुढे उभं राहून माझा गुडघा दुखतो. हे सगळं मी वेळ काढायला लिहितेय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

दिवाळीला कोमल का आली नाही, असं तू फोनवर सारखं विचारत होतीस. मी दरवेळी अभ्यासाचं कारण दिलं. फोनवर खोटं बोलणं मला फार सोपं जायला लागलंय, म्हणून आज कागद घेतला.

यंदा आमच्या शाळेने समुपदेशक नेमल्यात, पूर्वी मॅडम. दर गुरुवारी येतात. पोरांशी बोलायचं, त्यांच्या मनाला काय सलतंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. कोमलच्या नववीला त्यांचा एक तास ठेवलाय. मला तेव्हा हसू आलं होतं. आम्ही शिक्षक पीटीचा तास मागून घेतो, चित्रकलेचा मागून घेतो, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तसा मी हाही मागून घेतला, गणिताचा पोर्शन मागे पडलाय म्हणून. मॅडम नवीन, तोंडाने गरीब. माझ्या वर्गातली पोरं त्रिकोण सोडवत असायची तेव्हा त्या स्टाफरूममध्ये एकट्या बसून असायच्या.

सहामाहीच्या गणिताच्या पेपरात कोमलने नाव लिहिलं आणि बाकी काही नाही. आपली कोमल, जी दाजींसोबत धक्क्यावर माशांचा हिशोब तोंडी करायची. तो कोरा पेपर तपासायची पाळी माझ्यावरच आली. मी काय केलं असेल? टीव्ही बंद केला, पहाटेचा अभ्यास वाढवला आणि सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, की मावशी शिक्षिका असून ही तऱ्हा. तिने मान खाली घातली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

तिला माझ्याकडे शिकायला ठेवताना आपण दोघींनी ठरवलं होतं, की दाजींचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही, पोरीचं मन विचलित होईल. तू ते ओठ दाबून पाळलंस. मी फारच कडक पाळलं. भिंतीवरचा त्यांचा फोटोही कपाटात ठेवला.

सुट्टीनंतर पूर्वी मॅडम मुख्याध्यापिका बाईंकडे गेल्या आणि त्यांनी आपला तास परत मागितला. मला म्हणाल्या, कोमल फळ्याकडे बघत असते, पण तिला तुमचं काही ऐकू येत नाही. मी चिडले. वर्ग माझा, भाची माझी, आणि ह्या मला सांगणार! पण बाईंनी हुकूमच काढला, माझा नाइलाज झाला. परवाच्या गुरुवारी कोमल त्यांच्याकडे गेली. थोड्या वेळाने त्यांनी मलाही आत बोलावलं, कोमलनेच सांगितलं होतं म्हणे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मावशी, आईला मी का नको हाय? माझं तोंड बाबासारखं हाय म्हणून?"

ताई, आता लिहिते. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तू फोन केलास. म्हणालीस, "पोरीला धाड गो, तिच्या बापाचं कार्य हाय." दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. मी तुला सांगितलं, कोमलला ताप आहे. तिला ताप नव्हता. ती पिशवी भरून दारात उभी होती. तिला मी सांगितलं, आईनेच सांगितलंय येऊ नको म्हणून. वाटलं, एकदा पेपर होऊ दे, मग समजावू. ते राहूनच गेलं, आणि म्हणूनच दिवाळीलाही ती घरी यायला तयार झाली नाही. माझ्या वर्गात माझीच भाची पहिली यावी, हीच मला हाव होती. तू तिथे तिच्यासाठी पान मांडून बसली होतीस, आणि ती इथे तो पेपर कोरा ठेवून बसली होती.

त्या खोलीतही मी खरं बोलले नाही. उठून बाहेर आले आणि पुढच्या तासाला वर्गात उदाहरणं घातली. इतकी मी निगरगट्ट आहे.

आज सकाळी ती बोंबील साफ करत होती, तेव्हा तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटचा बोंबील झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे आईने माझी वाट बघितली?" मी म्हटलं, रात्रीपर्यंत. मग ती हमसून हमसून रडली, वर्षभराचं. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर तिने तो बाजूला केला.

तिच्याशी दाजींबद्दल बोल. फोटोही पिशवीत दिलाय. तिने शाळेत परत यायचं की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा, घाई नको. आली तर गुरुवारचा तास मॅडमचाच राहील आणि मी त्या वर्गाच्या आसपास फिरकणार नाही. मला काय बोलायचं ते बोल, फोनवर बोल, गावात चारचौघांत बोल.

तिला एकटीला उरणच्या बसमध्ये बसवतेय म्हणून रागावू नकोस. गणूला स्टँडवर थांबायला कळवलंय. मीही साडी बदलून तयार झाले होते, तुझ्या पाया पडायला यायचं होतं. चप्पल घालताना ती म्हणाली, "मावशी, तू नको येऊ."

म्हणून मी इथेच आहे.

तुझी धाकटी बहीण, आणि कोमल पुन्हा म्हणू देईल त्या दिवसापासून तिची मावशी,
मालू