सगळ्यात सुरक्षित वर्ग

३ मार्च, सोमवार
कारागीर मंडळाच्या बैठकीत एकमताने ठरलं, की ऑनलाइन सूचीतले फालतू वर्ग काढून टाकायचे. एकमताने म्हणजे मी बोलत होतो आणि बाकीचे चहा पीत होते. सूचीत 'पडदे' आहे, 'पडदेवाले' आहे, 'पडदे व सोफा कव्हर' आहे आणि 'पडदे इत्यादी'सुद्धा आहे. गिऱ्हाइकाने शोधायचं कुठे? मानद तंत्रसचिव या नात्याने काम माझ्याकडे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला बारीक कामाची सवय असते, हे मीच सर्वांच्या लक्षात आणून दिलं. अध्यक्षांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. ते फक्त 'जपून करा' म्हणाले.

संकल्प : रविवारपर्यंत काम फत्ते.

घरी हिला सांगितलं. ही 'पडदे व सोफा कव्हर'मध्ये आहे. नव्या दवाखान्याच्या सगळ्या खोल्यांच्या पडद्यांची ऑर्डर जवळजवळ ठरलीय, मॅनेजर सूचीवरूनच आलेत, तेव्हा ते पक्कं होईपर्यंत माझ्या वर्गाला हात लावू नका, म्हणाली. एवढं मोठं काम तिला आजवर मिळालेलं नाही. बायकांना टेक्नॉलॉजीची उगाच भीती.

४ मार्च
मेहुणीला फोन केला. साईट तिनेच बनवलीय. एकेक वर्ग हाताने पुसत बसणं मला शोभत नाही, एपीआयने करणार. एपीआय म्हणजे साईटला परभारे हुकूम सोडायची सोय. एक ओळ लिहायची, वर्ग गायब. मेहुणी म्हणाली, भाऊजी, आधी बॅकअप घ्या. मग चाचणीच्या साईटवर करून बघा. मग वर्गात कोण कोण आहे ते बघा, त्यांना योग्य वर्गात हलवा, वर्ग रिकामा झाल्याची खात्री करा आणि मगच डिलीट करा. डिलीट केलेलं परत येत नाही. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं. मी कुक्कुलं बाळच की नाही!

५ मार्च
बॅकअप घेणार होतो. चष्मा दुकानात राहिला.

६ मार्च
चष्मा आणला. बॅकअपचं बटण सापडलं नाही. चाचणीची साईट उघडून पाहिली, तिथे सगळी खोटी माणसं. खोट्या माणसांवर हात साफ करून काय कळणार? वेळ वाचवला.

७ मार्च, शुक्रवार
आज मोठा तांत्रिक पेच सोडवला. वर्ग पुसताना त्यातली माणसं कुठे पाठवायची ते हुकमात सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती सूचीत दिसेनाशी होतात. 'इतर'मध्ये पाठवावीत, तर 'इतर'ही पुसायचाय. मग मंडळ कधीही पुसणार नाही असा वर्ग कोणता? दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला. 'स्मरणात'! गेलेल्या सभासदांची नावं आम्ही काढत नाही, त्या वर्गात ठेवतो. तो कायम ठेवायचा असा ठरावच आहे. त्याहून सुरक्षित जागा सूचीत नाही. सगळ्यांना तात्पुरतं तिथे ठेवायचं आणि रविवारी निवांत आपापल्या जागी न्यायचं. मेहुणीला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

८ मार्च, शनिवार, सकाळी
हुकूम सोडला. 'पडदे'ची चारही भावंडं गेली, शिवाय 'इतर', 'किरकोळ', 'नळ' आणि 'नळवाले'. हिच्या वर्गाला हात लावणार नव्हतो, पण तो मध्येच आला, आणि मध्येच थांबणं कॉम्प्युटरला चांगलं नसतं.

दुपारी
इनबॉक्स भरून वाहतोय. मंडळात निधनाच्या बातम्यांची रांग लागलीय. सभासद गेला की साईट आपोआप सगळ्यांना मेल पाठवते आणि त्याच्या पानावर दिवा लावते. त्याखाली पदाधिकाऱ्यांनी ताबडतोब दोन ओळी लिहायच्या हा आमचा शिरस्ता, आणि तो मी कधी मोडलेला नाही. एक चांगला मजकूर तयार केला आणि सगळ्यांखाली चिकटवला. नावं वाचायला सवड नव्हती. एका दिवसात इतकी माणसं! हवा बदलतेय. तब्येतीला जपायला हवं.

९ मार्च, रविवार
सकाळी अध्यक्षांचा फोन. चाचरत विचारलं, वहिनी… कधी? मी म्हटलं, आता मशीनवर बसलीय, उठली की फोन देतो. ते म्हणाले, जरा सूची उघडून बघा.

बघितली. हिचं नाव, हिचा फोटो, खाली दिवा.

खोटं आहे हे माहीत होतं, माझाच प्रताप होता, आतून शिलाई मशीनचा आवाजही येत होता. तरी उठून दारापर्यंत गेलो. ही दातांनी दोरा तोडत होती. काय हवंय, म्हणाली. काही नाही, म्हटलं, आणि उगीचच तिथे उभा राहिलो.

मग सगळ्यांना जागेवर न्यायला बसलो. कोण कुठून आलं हे फक्त त्या त्या वर्गाला माहीत होतं, आणि वर्ग मी पुसलेत. नळवाले, पडदेवाले आणि खरोखर गेलेले, सगळे एका रांगेत. मेहुणीला फोन केला. ती आधी खूप हसली. मग हसायची थांबली, ते जास्त वाईट होतं.

१० मार्च
दाराची बेल वाजली. दवाखान्याचे मॅनेजर, हातात पांढरी फुलं. सांत्वन करायचं आणि हिच्याकडे दिलेलं नमुन्याचं कापड जाताना हळूच परत मागायचं, असा बेत असावा. दार हिने उघडलं. फुलं त्यांनी तिच्याच हातात दिली, दुसरं करणार काय? मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. बाहेर यावं अशी परिस्थिती नव्हती. सूचीत एकही पडदेवाला जिवंत दिसेना, म्हणून ते तयार पडदे मागवायला निघाले होते म्हणे.

ऑर्डर हिलाच मिळाली, तीही घासाघीस न होता. जिला फुलं वाहायला आलो तिच्याशी भावावरून हुज्जत घालायला फार मोठं काळीज लागतं.

निष्कर्ष : ऑर्डर माझ्या एपीआयमुळे मिळाली. हिला हे अजून पटलेलं नाही.

११ मार्च
मेहुणीने सर्व्हरवरच्या जुन्या बॅकअपमधून सगळं परत आणलं. चारही 'पडदे' सुखरूप. माझा पासवर्ड बंद. किल्ल्या काढून घेणं अध्यक्षांना चांगलं जमतं. मी राजीनामा देणारच होतो.

१४ मार्च, शुक्रवार
जेवताना ही मोबाईलवर काहीतरी वाचत होती. पान पूर्ववत करण्याआधी मेहुणीने हिच्या दिव्याखालचा सगळा मजकूर तिला पाठवलाय. अध्यक्षांनी लिहिलं होतं, वहिनींनी शिवलेला दुकानाचा पडदा माझी मुलगी शाळेत जायच्या आधीपासून आहे, एक टाका उसवला नाही. एका नळवाल्याने लिहिलं होतं, त्यांच्याकडे कामाला गेलं की आधी बसा म्हणायच्या, मग नळ दाखवायच्या. हिचे डोळे भरून आले होते. हे ऐकायला माणसाला खरोखर मरावं लागतं, मला फुकटात मिळालं, म्हणाली.

मग एक मजकूर तिने मोठ्याने वाचला. 'आपल्या सन्माननीय सभासदाच्या निधनाने मंडळाची अपरिमित हानी झाली आहे. कुटुंबीयांना हे दुःख सोसण्याचे बळ मिळो. कळावे, मानद तंत्रसचिव.'

मी खाली मान घालून जेवत राहिलो. ही रागावली नाही. बळ मिळालं का, एवढंच विचारलं आणि ताटात भाजी वाढली.

जेवण झाल्यापासून बसलोय. हिच्याबद्दल दोन ओळी स्वतःच्या लिहायच्या आहेत. नाव लिहून झालंय.