एकपंखी बिल्ला

६ नोव्हेंबर, बुधवार

पोचलो बाई एकदाचे बऱ्हाणपूरला! अमळनेरहून निघताना सासूबाईंनी इतका चिवडा बांधून दिला, जणू इथे लोक उपाशीच राहतात. उलट उतरल्या उतरल्या सागरने मावाजिलेबीचं दुकान शोधून काढलं आणि एकट्याने पाव किलो संपवली. हा माणूस देवळात गेला तरी आधी प्रसादाचं विचारतो.

खोल्या इथल्या लालबागेत आहेत, स्टेशनाजवळ, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, एक ओटा आणि वर गच्ची. सागरला रोज इथूनच गाडी पकडून पेपर मिलला जायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आपलं दार आपण लावायची ही पहिलीच वेळ. मूलबाळ नाही, आहोत ते दोघंच. आज दोघांनी मिळून भांडी लावली, कोणता डबा कुठे यावरून भांडलो, परत लावली. फार बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

मलाही काम मिळालं, आल्याच्या दुसऱ्याच दिवशी! नंदकुमारभाऊंचा भरतकामाचा कारखाना. कारखाना कसला, एक लांबट खोली, चार लाकडी चौकटी, त्यांवर ताणलेलं कापड, आणि मांडी घालून बसलेले आम्ही पाच जण. मला वाटलं होतं शालू-शेले असतील. पण इथे भरतात लढाईतल्या वैमानिकांचे बिल्ले! जुन्या महायुद्धातले, हुबेहूब. सिनेमावाले नेतात, संग्रहवाले नेतात, कधी परदेशातून कोणी आजोबांचा जुना बिल्ला दुरुस्तीला पाठवतो.

तीन दिवसांत माझं ज्ञान बघा. छातीवर दोन पंख म्हणजे पायलट. एकच पंख म्हणजे विमानातला दुसरा कोणी, नकाशे बघणारा नाहीतर बंदूकवाला. मनगटावर निळ्या पट्ट्या जितक्या जास्त, तितका साहेब मोठा. आणि दंडावर टोक खाली केलेल्या तीन पट्ट्या म्हणजे सार्जंट. सागरला हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, मिलमध्ये कोण साहेब आणि कोण नाही हे पोटावरूनच कळतं.

शालिग्रामबाबा सगळ्यात जुने कारागीर. वय अठ्ठ्याहत्तर, जवळच्या दापोरा गावचे. त्यांचे वडील लढाईच्या वेळी खऱ्या वैमानिकांसाठी भरायचे म्हणे. बाबांनी माझा टाका पाहिला आणि म्हणाले, हाथ साफ है बेटी. मग एक नियम सांगितला. नवं काम करशील ते बिनधास्त कर, पण जुना बिल्ला दुरुस्त करताना निदान एक जुना टाका आत राहू द्यायचा. तो टाका म्हणजे त्या माणसाची हजेरी. तो निघाला की त्याची जागा रिकामी झाली. मी हो हो केलं. म्हाताऱ्या माणसांना नियम हवेच असतात, माझ्या सासूला विचारा!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

इंग्लंडहून एक पाकीट आलं. आत एकपंखी बिल्ला, चांदीच्या तारेचा, आपल्याच देशात लढाईत भरून घेतलेला. बारा पिसं, शेजारी गोल वेलीत एअर गनरची, म्हणजे बंदूकवाल्याची, दोन अक्षरं. मालक सार्जंट हॅलम, वय एकवीस. सोबत त्याच्या पुतणीचं पत्र होतं, ते नंदकुमारभाऊंनी आम्हाला समजावून सांगितलं. हा मुलगा विमानाच्या अगदी शेपटीत, मागे तोंड करून बसायचा. पाठलाग करणारं विमान आधी त्यालाच दिसायचं. ब्रह्मदेशावरून परतताना शेपटीवर मारा झाला. विमान घरी आलं, बाकीचे सगळे वाचले. शेपटीतली जागा मात्र रिकामी होती. हा कधी सापडलाच नाही. बिल्ला दुसऱ्या सदऱ्यावर होता म्हणून राहिला.

काय दशा झाली आहे त्याची! कापड कसरीने खाल्लेलं, तार काळी पडून सुटलेली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ते दापोऱ्यात लेकीकडे आहेत. मी येईपर्यंत याला हात लावू नका, असा त्यांचा निरोप आहे. पण पुतणीला तो महिनाअखेर प्रार्थनेसाठी हवा आहे. मी म्हटलं, मी करते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

झाला! दोन दिवस मान वर केली नाही. खरं सांगते, एक काळा टाका ठेवला होता मुळाशी. पण नव्या चकचकीत तारेत तो असा दिसायचा, दात पडल्यासारखा. मला घाणेरडं काम बघवत नाही, स्वभावच तसा. काढला तोही आणि नवा घातला. बाबांना कुठे दिसणार आहे?

जुन्या तारेचे तुकडे झाडून डब्यात टाकले. दर शनिवारी तार गाळणारा येतो, आजही आला आणि चांदी वितळवायला घेऊन गेला.

बिल्ला घरी आणला, सागरला दाखवायला. त्याने सदऱ्याच्या खिशावर पिनेने लावला, आरशासमोर सलाम ठोकला, मला फोटो काढायला लावला. आम्ही हसून हसून बेजार झालो. दिसत होता मात्र रुबाबदार, मेला!

२० नोव्हेंबर, बुधवार

सोमवारी बिल्ला परत नेऊन दिला. पण एक विचित्र गोष्ट लिहून ठेवते. आज सागरचे सदरे धुतले. सगळ्यांच्या डाव्या खिशावर भोकं आहेत, सुईची. त्याने बिल्ला लावला होता तो सदरा एकच होता. हे तर पाचही सदरे. मी भोकं उजेडात धरली. भरणाऱ्याला भोकावरून नक्षी कळते. बारा पिसं आहेत.

सागरला विचारलं, तर त्याने लक्षच दिलं नाही. बोटं गार पडतात म्हणाला. ऊन चांगलं कडक आहे. मी बोटं हातात घेतली तर बर्फ!

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सुट्टी म्हणून स्कूटीने असीरगढचा किल्ला बघायला निघालो. सागरने मला चालवायला सांगितली आणि स्वतः मागे उलटा बसला. पाठीला पाठ लावून, तोंड मागे. मला वाटलं थट्टा करतोय. रस्त्यावरचे लोक हसत होते, मीही हसले.

मग तो बोलायला लागला. मागून डावीकडे एक ट्रक, लांब आहे. उजवीकडे खाली एक मोटारसायकल. मागे सगळं साफ. एकसारख्या, सपाट आवाजात, मध्ये थांबणं नाही. हा माणूस एरवी गाणी म्हणत गाडीवर बसतो. निंबोला गावाच्या अलीकडे पाठीवरचं त्याचं वजनच गेलं. गाडी एकदम हलकी झाली. पडला की काय म्हणून मी किंचाळून ब्रेक मारला. तो तिथेच होता, उलटा बसलेला, आकाशाकडे बघत.

आम्ही तिथूनच परत फिरलो. मला सागर हवा. जिलेबी खाणारा, घोरणारा, माझा सागर हवा.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बाबा आले. मी त्यांच्यापुढे सगळं ओकले. इंग्लंडला पाठवायचा राहिलेला बिल्ला त्यांनी हातात घेतला, उलटा केला, बोटाने टाके चाचपले. एक भी नहीं छोडा, म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सांगितलं ते असं. त्या पोराची हजेरी मी पुसली. त्याचं विमान अजून उडतंच आहे, आणि शेपटीतली जागा रिकामी ठेवून ते उडत नाही. बिल्ला पुरा नवा झाल्यावर ज्याने अंगाला लावला, त्याची पाळी लागली. त्यातून सुटायचं तर एक जुना टाका परत घालायचा, नाहीतर दुसऱ्या कोणी बिल्ला अंगावर लावायचा.

तार गाळणाऱ्याकडे धावले. गेल्याच आठवड्यात सगळं मुशीत गेलं, म्हणाला. चांदीचा एक गोळा दाखवला मला.

परत आले तर बाबा तसेच बसलेले. स्वतःच म्हणाले, मी लावला असता. म्हातारा माणूस, राहिलंय काय माझं. पण भीती वाटते बेटी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो आणि भीती वाटते. मला त्यांचा राग आला नाही. कोणत्या तोंडाने येणार? हौस माझी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बिल्ला मी मागून घेतला, घरी आणला. नंदकुमारभाऊंनी इंग्लंडला उशीर होईल असं कळवलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज सागर कामाला गेला नाही, म्हणून मीही सुट्टी टाकून माझे टाके उसवायला बसले. निदान बिल्लाच राहू नये. पहिलं पीस कापलं आणि आतून सागर ओरडला. धावले. छातीवर डाव्या बाजूला रक्ताचे बारीक थेंब, एका ओळीत, पिसाच्या आकारात.

तेच पीस परत भरलं. रक्त थांबलं.

त्याच्या दंडावर तीन पट्ट्या उमटल्या आहेत. टोकं खाली. घासून निघत नाहीत. मी किती घासल्या —

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मिलमध्ये फोन केला, सागर आजारी आहे म्हणून. कारकुनाने नाव परत विचारलं. मग म्हणाला, या नावाचं कोणी आमच्याकडे नाहीच, मॅडम. परवापर्यंत होता हो! मी भांडले. त्याने हजेरीपट वाचून दाखवला. मधे कुठे त्याचं नाव नाही.

सासूबाईंना फोन लावला. सागर म्हटल्यावर त्यांनी विचारलं, कोण सागर ग पोरी? पोटच्या मुलाला!

मोबाइलमधला तो फोटो काढून बघितला. सदरा आहे. बिल्ला आहे. कॉलरच्या वर आमची भिंत दिसते आहे —

मला एकटीलाच आठवतोय तो. मी विसरले तर —

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून गच्चीवर आहे. खुर्ची कठड्याला लावून, घराकडे पाठ. जेवला नाही. दराबा, इथली त्याची आवडती मिठाई, आणून पुढे धरला, ओळखलाही नाही. सागरने दराबा ओळखला नाही!

मला कॅप्टन म्हणतो. आज फेरी आहे म्हणतो. मागे सगळं साफ आहे म्हणतो.

हात धरायला गेले. हात दिसत होता. माझ्या मुठीत काही आलं नाही — फक्त गार —

३० नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

त्याच्यातून पलीकडचा कठडा दिसतो आहे.

त्याचं नाव आज मला तीनदा आठवावं लागलं. सागर. सागर. तळहातावर लिहून ठेवलंय.

आता विचार करायचा नाही. विचार केला की बाबांसारखी भीती वाटते. वाटतेच आहे. वाटू दे. चूक ज्याची त्याने निस्तरावी, दुसऱ्याच्या जिवावर कशाला —

तोच दिवस, अकरा वाजता

लावला. कुर्त्यावर, डाव्या बाजूला. पिनेने बोट टोचलं, एवढंच.

खाली ओट्यावर भांडं वाजलं. कोणीतरी गाणं म्हणतंय — बेसूर — तोच, तोच! मी जिन्यातून वाकून पाहिलं. ओट्याशी उभा राहून शिळी पोळी खातोय. दंड स्वच्छ. देवा, तुझे उपकार!

हाक मारली. वर बघितलं नाही. परत मारली.

तोच दिवस

बोटं वळत नाहीत. अक्षर लागलं तर —

वर आला, ताट घेऊन. एकच ताट. खुर्ची मी बसले होते तीच ओढली, मी उठले म्हणून बरं. फोनवर बोलला सासूबाईंशी. हो आई, रुळलो कधीचाच. हो, जेवतोय. एकट्याला दोन खोल्या जास्तच होतात, म्हणाला.

एकट्याला —

रडत होते मी समोर उभी राहून. तो चवीने खात होता. चटणीचं बोट चाटलं. पोट भरून जेव रे. बघून घेते तुला, जितका वेळ —

माझी पाठ आपोआप त्याच्याकडे वळते आहे. थांबवता येत नाही. आता आकाशच दिसतं. जिलेबी संपवलीस ना, तशीच रोज — कोणी नसलं तरी —

मागून खालच्या बाजूने एक. लांब आहे. कॅप्टन, जवळ येतंय. अजून एक. माझं नाव ज्योत्स्ना, मी सागरची बाय