‘व पत्नी’ या ओळीबाबत

पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याला स्मरून मी, वाल्बुर्गा हाइंडल, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण शाळेची अंतिम परीक्षा (लॅटिनसह), व्यवसाय घर सांभाळणे, राहणार ग्राट्स, ऑस्ट्रिया, हे मृत्युपत्र लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. ज्यांचा होता ते चार वर्षांपूर्वी देवाघरी गेले, आणि त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करते.

१. माझे पती कोनराड डॉक्टर होते, औषधाचे नव्हेत, ग्रीक तत्त्वज्ञानाचे. आमच्याकडे नवऱ्याची पदवी बायकोला लग्नातच मिळते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाववाली म्हणाली, "काय देऊ, डॉक्टरीणबाई?" त्यानंतर वाल्बुर्गा म्हणून हाक मारायला फक्त माझी आई उरली, तीही गेली. विद्यापीठात माझा प्रवेश झाला होता. कोनराड म्हणाले, "अगं, पदवी तर तुला आयतीच मिळाली. दारावर दोन-दोन डॉक्टर लावून काय दवाखाना काढायचाय?" सासूबाई हसल्या. मीही हसले, कारण ताटे वाढायची होती.

२. राहते घर मुलगा आर्नुल्फ याला, पण अटीवर. वडिलांच्या थडग्यावर त्याने काळा दगड बसवला. वर "डॉक्टर फिलॉसॉफिए" ही लॅटिन पदवी, अख्खी, सोनेरी अक्षरांत. खाली कोनराड हाइंडल. अगदी तळाशी "व पत्नी". मी जिवंत असताना. दर वर्षी मृतांच्या दिवशी मी तिथे दिवा लावते आणि वाकून माझी जागा बघते.

"आर्नुल्फ, माझं नाव कुठाय?"

"आई, दगडावर जागाच उरली नाही. आणि डॉक्टरीणबाई म्हटलं की तुला सगळी गल्ली ओळखते."

"देवदूत आपल्या गल्लीत राहत नाहीत रे."

"त्यांना लॅटिन येतं," म्हणाला. विनोद बापाच्याच वळणाचा.

मला दुसरीकडे पुरा असे मी म्हणत नाही. वेदीपुढे शब्द दिला आहे, त्यांच्याजवळच निजेन. मात्र त्या दगडावर "वाल्बुर्गा हाइंडल, माहेरची प्रुग्गर" असे, "डॉक्टर"एवढ्याच उंचीच्या अक्षरांत कोरावे. जागा नसेल तर "फिलॉसॉफिए" घासून काढावे. नुसता डॉक्टर त्यांना पुरे. मी गेल्यावर वर्षाने चर्चमध्ये माझ्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होईल, तोपर्यंत हे झाले नाही, तर घर मठातल्या भगिनींना जावे.

३. बचतीतून आम्हा नवरा-बायको दोघांसाठी मिस्सा सांगावेत, उरेल ते आर्नुल्फचे. अंत्यविधीच्या जेवणात मांसाचा पदार्थ एकच असावा.

४. नात रोस्विता विद्यापीठात शिकते. माझा लॅटिनचा शब्दकोश, शिवणयंत्र आणि दारावरची "डॉक्टर हाइंडल" ही पितळी पाटी तिला. पाटीची मागची बाजू कोरी आहे. पदवी मिळो न मिळो, तिने तिथे स्वतःचे नाव घालावे आणि लग्न झाले तरी काढू नये.

सही करताना शेजारच्या न्यायाधीशीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पदवी राहिली की. ही वाल्बुर्गा कोण, असं विचारतील."

म्हटले, "विचारू देत. साक्षीला तुम्ही काय लिहिणार?"

त्यांनी चष्मा पुसला.

ग्राट्स, २ नोव्हेंबर १९८७

सही: वाल्बुर्गा हाइंडल

साक्षीदार:
झेवेरिन लाकनर, धर्मगुरू
गिझेला श्राम्ल, शेजारीण (नावाआधी लिहिलेले "न्यायाधीशीणबाई" मीच खोडले आहे. गि. श्रा.)