औषध अजून निघालेलं नाही

बोस्टन, मार्च १९८४

चि. प्रेमिलास दादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे. थंडी कमी झाली, जेवणही वेळेवर होतं, असं आईला सांग.

‘नागपूरच्या शास्त्रज्ञाने कोडावर औषध शोधले’ हे तू पाठवलेलं पेपरातलं कात्रण पाहून मी हसलो, प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवलं. मग तुझं पत्र वाचलं. लोक आपल्या दारी येतात आणि बाबा त्यांना चहा पाजून सांगतात, “पोरगा औषध घेऊन येते.” खाली तू लिहिलंस, “दादा, पहिले मले देजो. तोवर मी लग्न थांबवलं.”

औषध नाही वं, प्रेमिला. मेंदूतला एक पदार्थ कातडीच्या पेशीला कुठे चिकटतो, एवढंच मी बेडकांवर पाहतो. तो चिकटला की बेडूक काळा पडतो. दिवाळीत घरी आलो तेव्हा बातमीदाराने विचारलं, “याने कोड जाईल?” मी ऐटीत म्हणालो, “का नाही?” तुझ्या हातांवरचे पांढरे डाग तेव्हा आठवलेही नाहीत. फार लाज वाटते.

बाबांना म्हणावं, लोकांना खरं सांगा. आईचे गुडघे कसे आहेत?

आणि त्या मुलाने तुझे हात पाहूनच होकार दिला ना? मग माझ्या औषधासाठी थांबू नकोस.

तुझा,
चंद्रभान