नारळाचं पाणी आणि आण्णांचा कॉम्प्युटर

आण्णा, तुमचा कॉम्प्युटर मी बिघडवला नव्हता. ते नक्की कळलं, आणि आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

विश्रामबागेतल्या एका कॉलेजनं जुना म्हणून काढून टाकलेला तो कॉम्प्युटर तुम्ही सायकलच्या कॅरियरला बांधून माधवनगरला आणलात, तेव्हा मी सहावीत होते. नुसता एक जाड कीबोर्ड. पडदा म्हणजे आपला टीव्ही, आणि प्रोग्राम कॅसेटवरून चढायचा. कापडगिरणीतून आलात की हातपाय धुऊन त्याच्यापुढं मांडी घालून बसायचात. आई म्हणायची, "आवं, गिरणीत मशीन, घरात बी मशीन. जेवायला तरी माणसांत या." त्याच्या मागच्या खाचेत वायर घालून दुसरा कॉम्प्युटर जोडायचा, हे तुमचं वेड. म्हणायचात, "एकलं बसून काय करंल ते? त्येला बी कुणीतरी बोलाया पायजे."

मग ती खंडेनवमी. गिरणीत तुम्ही मागांना हळदकुंकू लावून, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचात, ते मी पाहिलं होतं. मग आपल्या मशीनची पूजा कोण करणार? तुम्ही घरी यायच्या आत मी त्याला कुंकू लावते, झेंडू ठेवते आणि वाटीतलं नारळाचं पाणी फुलानं शिंपडते, जरा जास्तच. संध्याकाळी तुम्ही बटण दाबता, तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. कीबोर्डच्या फटीत ओल दिसल्यावर तुम्ही दुसरं काही तपासलंच नाही. "कुणी केलं ह्ये?" मी दाराआड. आई म्हणाली, "मी केलं. पूजेचं पाणी हाय, त्येनं काय हुतंय?" "बोर्ड जळला की! अक्कल हाय का?" दोन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत. मग मशीन जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंत. तुम्ही गेलात तेव्हाही ते तिथंच होतं.

गेल्या महिन्यात आईला साताऱ्याला माझ्याकडं आणलं, तेव्हा तेही आणलं. इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी उघडून पाहिलं. "ताई, पाणी कवाच वाळलं. बोर्डाला काय बी झालं न्हाई. बाहेरचा विजेचा ठोकळा, अडॅप्टर, जळालाय. लाईट कमीजास्त झाली की जातोय." मी तीनदा विचारलं, नक्की? "आवं व्हय की, लिहून देऊ का?"

त्यांनी नवा ठोकळा दिला आणि मागच्या खाचेत काडेपेटीएवढा वायफायचा बोर्ड बसवला. कॉम्प्युटरला वाटतं वायरच जोडलीय. बोर्ड त्याची अक्षरं घरातल्या वायफायवर सोडतो, आणि ती मोबाईलवर उमटतात. आज दुपारी स्वयंपाकघरात शेंगा सोलणाऱ्या आईपुढं मोबाईल ठेवला आणि बाहेरच्या खोलीतून तुमच्या कीबोर्डवर, इंग्रजी अक्षरांत, टाईप केलं: आई, चहा टाक. मग आतून आवाज, "अगं, तुझ्या आण्णांचं मशीन बोलाया लागलं! आन् त्येला बी चहाच पायजे!" मग ती पदराला हात पुसत दारात आली. "म्हंजे पाण्यानं गेलं न्हवतं तर. उगंच बोलणी खाल्ली मी." आम्ही दोघी हसत सुटलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

हे पत्र वहीतच राहणार. पण एक सांगते. त्या संध्याकाळी तुम्ही आईवर ओरडत होतात, तेव्हा दाराआड मला वाईट वाटलं नव्हतं. मी सुटले म्हणून बरं वाटलं होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.