लांब शिट्टी

ता. ३, मंगळवार

प्रिय अक्का,

नमस्कार. भाऊजींच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार सांग. घरात हल्ली त्यांचंच चालतं असं ऐकतो. आम्ही इकडे मजेत. तुझी भावजय मजेत, तलाव मजेत, मीही मजेत.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल. फोन बिघडलाय, एवढंच. तुझं बोलणं मला स्वच्छ ऐकू येतं, पण माझं पलीकडे पोचत नाही. म्हणून उचलत नाही. दुरुस्तीला टाकायचाय, पण निवडणुकीमुळे श्वास घ्यायला फुरसत नाही.

हो, निवडणूक. तुझा बेडूक राजकारणात पडलाय. हसू नकोस. महापौरांना आमच्या पोहण्याच्या तलावाच्या जागी दुमजली पार्किंग हवंय. ज्या काठावर उभं राहून माझे केस पांढरे झाले, तिथे गाड्या उभ्या राहणार. त्यांच्याविरुद्ध मोठ्या पक्षांपैकी कुणी चकार शब्द काढेना, तेव्हा मेट्रनबाई अपक्ष उभ्या राहिल्या. तुला आठवत असतील. तुझ्या बाळंतपणात वॉर्डात त्याच होत्या. भेटीची वेळ संपल्यावर भाऊजींना दारातून परत पाठवलं होतं त्यांनी, आवाज जराही न चढवता. भाऊजी जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला हाकललंय.

अपक्षांसाठी चिन्हं उरली होती तीन: कंगवा, बादली आणि शिट्टी. बाईंनी शिट्टी घेतली. झालं, तेव्हापासून सगळं शहर फुंकतंय. भाजीवाल्या फुंकतात, शाळेतली पोरं फुंकतात, आमच्या समोरचे ऐंशीच्या घरातले आजोबा गॅलरीत उभं राहून फुंकतात आणि मग अर्धा तास खोकतात.

आणि माझी शिट्टी मात्र बंद! निवडणूक कार्यालयाचा हुकूम आला की पालिकेच्या आवारात कुठल्याही उमेदवाराचं चिन्ह दिसता कामा नये. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मी तरी काय करू? तक्रार झाली तर तुझं कंत्राट जाईल आणि माझी खुर्ची." मला विचारायचं होतं, साहेब, चिन्ह कंगवा असतं तर तुम्ही भांग पाडायचं थांबला असता का? पण विचारलं नाही. हल्ली कमी बोलतो.

शिट्टीच्या बदल्यात त्यांनी मला लाल झेंडा दिलाय. आता तूच सांग, पाण्यात तोंड घालून पोहणाऱ्याला झेंडा दिसणार कसा? आमच्याकडे सगळं शिट्टीवर चालतं. एक आखूड म्हणजे 'इकडे बघ'. दोन आखूड म्हणजे 'पाण्याबाहेर ये'. आणि एक लांब, छातीतला वारा संपेपर्यंत, म्हणजे 'धावा, माणूस चाललाय'. लांब शिट्टी इतक्या वर्षांत फार क्वचित वाजवावी लागली. पण ती खिशात आहे एवढ्यावर मी निर्धास्त उभा असायचो. आता झेंडा धरून उभा राहतो आणि पाण्यावरची डोकी मोजतो. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. घरी जेवताना सुद्धा मनात डोकीच चालू असतात.

घसाही बसलाय. त्यात विशेष काही नाही, प्रचारात सगळ्यांचाच बसतो. आमच्या प्रचार कार्यालयात कधीही जा, झाडून सगळी मंडळी घोगऱ्या आवाजात बोलत असतात. त्यात माझा वेगळा ओळखूही येत नाही.

काळजी करू नकोस.

तुझा
बेडूक

ता. ११, बुधवार

प्रिय अक्का,

तू पाठवलेला फोन पोचला. भाच्याचा जुना म्हणतेस, पण माझ्यापेक्षा पुष्कळ शहाणा दिसतोय. चालू केला आणि लगेच तुझाच कॉल. मी स्क्रीनवरच्या तुझ्या नावाकडे बघत बसलो. उचलला नाही. चिडली असशील. आधी हे वाच, मग चिड.

आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर येतात. पोहत नाहीत, तरंगतात. खोल पाण्यात उताणे पडायचं, डोळे मिटायचे, हात पसरायचे, की झालं त्यांचं पोहणं. आम्ही त्यांना तरंगते काका म्हणतो. माझा जोडीदार पैलवान तर त्यांना तलावाच्या सामानातच धरतो. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण बघण्यासारखं काही घडतच नाही.

परवा संध्याकाळी भिंतीपलीकडून आमचीच मिरवणूक चालली होती. पन्नासेक माणसं, प्रत्येकाच्या तोंडात शिट्टी. कान किटले होते. मी डोकी मोजत होतो आणि काकांपाशी अडलो. काका होते, पण चेहरा वर नव्हता.

मी होतो उथळ टोकाला. पैलवान त्यांच्याजवळ, पण पाठमोरा, एका मुलीच्या टोपीचा पट्टा बसवत होता. मी झेंडा हलवला. वेड्यासारखा हलवला. मग खिशातली शिट्टी काढली (हो, खिशात होतीच, तुझ्यापासून काय लपवू) आणि लांब वाजवली. छातीतला वारा संपेपर्यंत.

पैलवानानं मान सुद्धा वळवली नाही. त्याला वाटलं, बाहेरचीच. अक्का, माझ्याच लोकांच्या गोंगाटात माझी शिट्टी गेली.

मग उडी मारली. तलावाची ती लांबी मला इतकी कधी वाटली नव्हती. काकांना काठावर ओढलं तेव्हा ओठ निळे पडले होते. छाती दाबत राहिलो, दाबत राहिलो, आणि एकदाचं पाणी बाहेर आलं. काका आता हॉस्पिटलात आहेत, ठीक आहेत, आणि आपल्या चपला कुणी पळवल्या म्हणून सगळ्यांवर डाफरताहेत.

पैलवान मात्र लहान मुलासारखा रडला. "दादा, नुसती हाक मारायची होती! मी त्यांच्या शेजारी उभा होतो हो. एक हाक!"

मी म्हटलं, सुचलं नाही. तूही सध्या तेच समज.

आता खरी पंचाईत ऐक. मॅनेजरसाहेबांनी शिट्टी जप्त केली आणि कामावर असताना प्रचार केल्याबद्दल खुलासा मागितलाय. आणि आमचा प्रचार सांभाळणारे वकीलसाहेब आनंदानं नाचताहेत. घरी येऊन मला मिठीच मारली. "शिट्टीनं वाचवला जीव! अहो, यापेक्षा मोठं भाषण कुठलं? शुक्रवारच्या शेवटच्या सभेत तुम्ही फक्त दोन शब्द बोलायचे. तुमच्या तोंडून. बाकी मी बघतो."

शिट्टीनं जीव वाचवला नाही हे त्यांना सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी ते होकार म्हणून घेतलं. तुझी भावजय सदऱ्याला इस्त्री करून बसलीय. रविवारी मतदान आहे, आणि लोक म्हणतात, फरक अगदी थोड्या मतांचा पडेल. मी खरं बोललो तर बाईंचं नुकसान. खोटं बोललो तर काकांना तोंड कसं दाखवू? आणि बोललोच नाही तर सगळे विचारतील, का.

घास उतरत नाही. तू असतीस तर कान पिळून सगळं काढून घेतलं असतंस.

तुझा
बेडूक

ता. १८, बुधवार

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ: "ओरडला का नाहीस?" भाऊजी तुझ्यासमोर खोटं का बोलत नाहीत ते कळलं.

ओरडलो होतो. तोंड उघडलं, पोटातून जोर लावला, आणि नुसती हवा बाहेर आली.

फोन कधीच बिघडला नव्हता. माझा आवाज गेलाय. निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून जातोय. नाक्यावरच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, गाठ आहे, तुकडा काढून तपासायला हवा, उशीर करू नका. मी म्हटलं, निवडणूक होऊ दे.

प्रचारात मी तलावासाठी गेलो हे खरं आहे, अक्का. पण रोज जात राहिलो ते तिथे सगळ्यांचेच घसे बसलेले असतात म्हणून. तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं. घरी तुझी भावजय मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि म्हणायची, "मतदान झालं की सुटेल घसा." मी मान डोलवायचो.

सभेच्या दिवशी स्टेजच्या मागे इस्त्रीचा सदरा घालून उभा होतो. मेट्रनबाई आल्या. मला बाजूला घेतलं.

"त्या दिवशी शिट्टी ऐकू गेली होती का तुमच्या जोडीदाराला?"

मी मान हलवली. नाही.

"मग हाक का नाही मारलीत?"

मी बोलायला गेलो. जे काही बाहेर पडलं ते ऐकून त्यांनी चष्मा वर केला, दोन बोटं माझ्या जबड्याखाली ठेवली आणि हळूहळू गळ्यावरून खाली आणली. एका जागी थांबल्या. तिथेच थांबणार हे मला ठाऊक होतं.

"घरी माहीत आहे?"

नाही.

"आज सांगा. रविवारी मत द्या. सोमवारी सकाळी माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायचं." आवाज जराही चढवला नाही. भाऊजी जिना कसे उतरले असतील ते तेव्हा समजलं.

वकीलसाहेब धावत आले. "बाई, यांचं भाषण?"

"मी करते," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी माइकवर सरळ सांगून टाकलं, "शिट्टीनं जीव वाचवला अशी बातमी फिरतेय. ती खोटी आहे. तलावावरच्या माणसानं शिट्टी वाजवली होती, पण आपल्या गोंगाटात ती कुणाला ऐकू आली नाही. एक माणूस आपल्यापायी जात होता. आजपासून कुणी शिट्टी फुंकायची नाही. गळ्यात घाला, पण तोंडात नको." खाली कुजबुज सुरू झाली. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला.

शनिवारची मिरवणूक तू बघायला हवी होतीस. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आणि आवाज नुसता चपलांचा. लोक खिडक्यांत येऊन बघत होते, कुणी गेलं की काय म्हणून. वकीलसाहेब म्हणतात, बाईंनी स्वतःच्या हातानं निवडणूक घालवली. पैलवान म्हणतो, त्याच्या अख्ख्या गल्लीनं त्यामुळेच मत दिलं. मला काही समजत नाही.

तुझ्या भावजयीला सांगितलं त्याच संध्याकाळी. तिनं तांब्या उचलला, पाणी मोरीत ओतलं आणि तिथेच पाठ करून बराच वेळ उभी राहिली.

सोमवारी तुकडा काढला. बाई आमच्याबरोबर बाकावर बसून होत्या. फोन सारखा वाजत होता, पेट्यांवर पहारा कुणाचा, मोजणीला कोण बसणार. त्या प्रत्येकाला "नंतर" एवढंच म्हणायच्या. मतमोजणी शुक्रवारी आहे. माझा रिपोर्टही शुक्रवारीच. पैलवान म्हणाला, "दादा, दोन्हीकडे गुलाल उधळू." मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो बूट बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

मला भीती वाटतेय, अक्का. बाई पडतील याची वाटते, तलाव जाईल याची वाटते, आणि या दोन्ही भीतींच्या मागे मी लपून बसतो तिथेही ती तिसरी येतेच. ठरवलं होतं, सगळं कळल्यावरच तुला कळवायचं. चांगलं असेल तर हसत, वाईट असेल तर कसंतरी. पण तेवढा दम माझ्यात नाही.

मॅनेजरसाहेबांनी काल शिट्टी परत दिली. खुलाशाचं काय ते निकालानंतर बघू म्हणाले. ती आत्ता माझ्या हातात आहे.

हे पत्र पैलवानाच्या भावाबरोबर धाडतोय, तो उद्या दुपारी तुझ्या दारात असेल. वाचलंस की लगेच फोन कर. शुक्रवारची वाट बघू नकोस. या वेळी उचलीन. बोलता येणार नाही, पण तू नुसतं "बेडक्या" म्हण आणि ऐक.

मी लांब वाजवीन. तिचा अर्थ पहिल्या पत्रात लिहिलाय.

दाराकडे बघत बसलेला,
तुझा
बेडूक